अ‍ॅडव्हेंचर बाइक घेताना आणि उन्हापावसात चालवताना या चुका टाळा

अ‍ॅडव्हेंचर बाइक म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी मोटारसायकल. ती निवडताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती सीसी?’ म्हणजे इंजिन किती मोठं? खरं तर तो पाचवा-सहावा असायला हवा. पहिला प्रश्न असा: ही गाडी चिखलात आडवी पडली तर आपल्याला एकट्याला उचलता येईल का?

हीरो एक्सपल्स 200 4व्ही साधारण 160 किलोची, रॉयल एनफिल्ड हिमालयन 450 सुमारे 196 किलोची आणि बीएमडब्ल्यू आर 1250 जीएस 249 किलोची. यात सामान धरलेलं नाही. पळत्या गाडीचं वजन जाणवत नाही. ते जाणवतं थांबताना, उतारावर यू-टर्न घेताना आणि ओल्या खडीवर पाय टेकताना. मोठ्या गाड्या पडतात त्या बहुतेक अशाच, जवळजवळ उभ्या उभ्या.

पडलीच तर आधी इंजिन बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा आणि जमत असेल तर गिअर टाका. मग गाडीकडे पाठ करा, गुडघे वाकवा, एक हात हँडलला आणि दुसरा मागच्या फ्रेमला धरून पायांच्या जोरावर मागे रेटत चला. कमरेतून वाकून ओढाल तर गाडी उठेल, तुमची कंबर मात्र बसेल.

सीटच्या उंचीचा आकडाही फसवा असतो. 825 मिमीची अरुंद सीट सोपी वाटते, तर त्याच उंचीची रुंद सीट मांड्या फाकवते आणि पाय टेकत नाही. त्यामुळे टेस्ट राइडला रोजचे बूट-जॅकेट घालून जा आणि मागे बसणारं माणूस असेल तर त्यालाही बसवून बघा. उंची कमी करायला सरळ लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली आणणारा जोड) बसवणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यानं ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर) घटतो, हाताळणी बदलते आणि साइड स्टँड लांब पडल्यानं गाडी नीट कलत नाही. आधी कमी उंचीची सीट लावून किंवा फोम तासून बघा.

पुढचं चाक 21 इंची असलं की ते दगडधोंड्यांवरून सहज चढतं. 17 इंची चाक डांबरासाठी, 19 इंची दोन्हींच्या मधलं. वर्षातला बहुतेक प्रवास पक्क्या रस्त्यावर होणार असेल तर 21चा हट्ट कशाला? 1981ची पॅरिस-डकार ही आफ्रिकेच्या वाळवंटातून जाणारी शर्यत ह्युबर्ट ओरिओल यांनी बीएमडब्ल्यू जी/एसवर जिंकली, तेव्हापासून वाळवंटातली ती ऐट या गाड्यांना चिकटली आहे. शर्यतीत मागे मेकॅनिकांचा ताफा असतो, आपल्या मागे फार तर मित्राची गाडी.

पावसातल्या चुका

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे पावसाची पहिली काही मिनिटं. रस्त्यावरचं तेल, रबराची भुकटी आणि धूळ यांचा तेवढ्यात चिकट लगदा होतो. जोराचा पाऊस तो धुऊन नेतो, रिमझिम मात्र तसाच ठेवते. तेव्हा वेग उतरवायचा, पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि पुलांचे लोखंडी जोड गाडी सरळ ठेवूनच ओलांडायचे.

केवळ रुबाबासाठी जाड गाठींचे नॉबी टायर घेणं ही दुसरी चूक. गाठी चिखलात रुततात, पण ओल्या डांबरावर त्यांचं रबर रस्त्याला कमीच टेकतं आणि ग्रिप घटते. ‘पावसात हवा थोडी कमी ठेवा’ हा सल्ला तर डांबरी रस्त्यावर साफ उलटा पडतो. हवा कमी झाली की खाचा दबतात, पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगायला लागतो. कंपनीनं सांगितलेली हवाच ठेवा. वाळूत कमी करायची, ती पक्क्या रस्त्यावर येताच पुन्हा भरायची.

सैल उतारावर मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद ठेवणं सोयीचं असतं, पण ओल्या डांबरावर ते सुरूच हवं. बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद-चालू केलं की एबीएस आपोआप परत येतं. तरी मीटरवरचा दिवा बघून खात्री करा.

रेनकोट पाऊस सुरू झाल्यावर नाही, आभाळ भरून आल्यावर घालायचा. आत वॉटरप्रूफ अस्तर असलेल्या जॅकेटचं बाहेरचं कापड पाणी पितं, जड होतं आणि वाऱ्यानं गारठवतं. वरून घालायचा कोट त्यापेक्षा बरा. जोरदार पावसात हात हँडलवर असताना बाहीवरून ओघळणारं पाणी ग्लोव्हजमध्ये शिरतं, म्हणून ग्लोव्हजचं तोंड बाहीच्या आत घ्या.

थंडी, ऊन, वारा

तापमान 10 अंश असताना ताशी 80 किमी वेगानं गेलात तर उघड्या कातडीला ते 4 अंशांसारखं बोचतं. बोटं बधिर झाली की ब्रेक आणि क्लचचा अंदाज चुकतो. एकच जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन-तीन थर आणि वर वारा अडवणारं काहीतरी, हे बरं. थंडीत टायरची हवाही उतरते, दर 10 अंशांना साधारण दीड पीएसआय. ती टायर थंड असतानाच मोजा.

कडक उन्हात जॅकेट काढून टी-शर्टवर निघणारे बरेच दिसतात. हवा त्वचेपेक्षा गरम असेल तर तो वारा गारवा देत नाही, घाम मात्र झपाट्यानं सुकवतो. जॅकेट भिजवून घाला, दर तासाला थांबा आणि तहान लागायच्या आधी पाणी प्या.

आडव्या वाऱ्यात हँडल गच्च धरू नका, गुडघ्यांनी टाकी पकडा. सामानाचे टॉप बॉक्स आणि साइड बॉक्स वारा अडवतात आणि गाडी ढकलली जाते, म्हणून वारा असेल त्या दिवशी टॉप बॉक्स काढून ठेवलेलाच बरा.

गाडी कुरकुरली तर

पाण्यात बंद पडली तर स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला इंजिनातला दांडा) वाकू शकतो. गाडी बाहेर ढकला, एअर फिल्टर उघडून बघा, तो भिजला असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवा आणि पाणी बाहेर काढा. पाण्यातून सुखरूप निघालात तरी ब्रेक ओले असतात. थोडं अंतर हलका ब्रेक धरून ते सुकवा.

पावसानंतर मिसफायर होत असेल, म्हणजे इंजिन अडखळत असेल, तर आधी प्लग कॅप आणि वायरिंगचे कनेक्टर सुकवा. गिअर टाकताच इंजिन बंद पडत असेल तर बहुधा साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल अडकलेला असतो. उंच घाटात ताकद कमी वाटली म्हणून लगेच गॅरेज गाठू नका, दर 1000 मीटरला इंजिनची ताकद साधारण 10 टक्के घटते.

ब्रेकचा लिव्हर मऊ लागत असेल तर ब्रेक ऑइल तपासा. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं. वेग वाढताच हँडल थरथरायला लागलं तर आधी मागचं सामान कमी करून पुढे सरकवा, मग टायरची हवा तपासा आणि एवढं करूनही थांबलं नाही तर स्टीअरिंगचे बेअरिंग दाखवून घ्या.