डेट्रॉईटच्या उपनगरात घर घेणाऱ्यांसाठी

कँटन, नोव्हाय, ट्रॉय किंवा फार्मिंग्टन हिल्समध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली दोन-तीन वर्षं साधारण सारखीच जातात. आधी अपार्टमेंट, मग गाडी, मुलांची शाळा आणि मग घर. किराणा कुठे, गुरुजी कुठे, बर्फाचे टायर कुठे, हे मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच कळतं. मला लिहायचंय ते घराबद्दल, कारण घर बघताना आपली माणसं जे प्रश्न विचारतात ते ऐकून दर वेळी वाईट वाटतं.

एजंटला पहिला प्रश्न असतो, ‘तिथे लोक कसे आहेत?’ एजंट विषय बदलतो आणि आपल्याला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. तो कायदा पाळतोय. 1968च्या फेअर हाउसिंग कायद्याप्रमाणे वंश, धर्म किंवा मूळ देश बघून गिऱ्हाईकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून परतवणं बेकायदेशीर आहे. ‘तिकडे नको, तिकडे ते लोक आहेत,’ असं सांगणारा एजंट भेटला, तर तो आपल्यातला असला तरी त्याच दिवशी बदला.

असा कायदा का करावा लागला, हे समजून घ्यायला एक दुपार काढा. डेट्रॉईट शहराच्या उत्तर हद्दीवरच्या एट माइल रस्त्याच्या जरा दक्षिणेला, बर्वुड रस्त्याच्या मागे, सुमारे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत उभी आहे. ती 1941 साली बांधली गेली. एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण शेजारी काळ्यांची वस्ती होती आणि फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन तिथल्या कर्जांना हमी द्यायला तयार नव्हतं. बिल्डरने मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली. मैदानाकडच्या भागावर आता रंगीत चित्रं आहेत. जवळ गेलात की कळेल, ती भिंत कोणालाही अडवण्याइतकी उंच नाही, मोठी मुलं सहज चढतील. ती बांधली होती सरकारी फाइलसाठी.

ही सरकारी हमीच सगळ्याच्या मुळाशी आहे. 1934 पासून तिच्या जोरावर गोऱ्या कामगारांना थोडी रक्कम भरून लांब मुदतीचं कर्ज मिळू लागलं. त्यांनी उपनगरांत घरं घेतली, घरांच्या किमती वाढल्या आणि त्यावर पुढच्या पिढीची कॉलेजं झाली. त्याच कारखान्यात काम करणाऱ्या काळ्या माणसाला ती वाट बंद होती. सरकारी नकाशांवर त्याची वस्ती लाल रंगात, म्हणजे कर्जासाठी धोक्याची, दाखवलेली होती. शिवाय खरेदीखतांतच अट असायची की हे घर फक्त गोऱ्यांनी वापरावं. 1948 साली सुप्रीम कोर्टाने कोर्टांना अशा अटींची अंमलबजावणी करायला मनाई केली. त्यातलं एक प्रकरण डेट्रॉईटच्या मॅकगी कुटुंबाचं होतं. जुनं घर घेतलंत तर कागदांत अशी अट आजही सापडू शकते. आज ती कुचकामी आहे, पण वाचा. 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाच्या खटल्यात त्याच कोर्टाने भारतीय माणूस गोरा नाही असा निकाल दिला होता. त्या अटीने आपल्यालाही दाराबाहेरच ठेवलं असतं.

आता माझा सगळ्यात कळकळीचा इशारा. ओळखीच्या एका जोडप्याची दोन्ही ऑफिसं साऊथफिल्डमध्ये होती, त्या सोनेरी काचांच्या इमारतींच्या जवळच. तिथेच त्यांना मोठ्या अंगणाचं, बजेटमधलं विटांचं घर आवडलं होतं. एका पार्टीत कोणीतरी म्हणालं, ‘अरे, ती काळ्यांची वस्ती.’ झालं. त्यांनी कितीतरी जास्त पैसे देऊन दूर पश्चिमेला त्याहून लहान घर घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं सहाशे शहाण्णव हायवेच्या गर्दीत सकाळ-संध्याकाळ घालवली. साऊथफिल्डच्या त्या गल्लीत डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर राहतात. पार्टीतलं मत ऐकून घर ठरवू नका. संध्याकाळी स्वतः जा, चालून या, अंगणात कोणी असेल तर दोन शब्द बोला. पुन्हा सांगतो, पार्टीतलं मत ऐकून घर ठरवू नका.

(मालमत्ता कर विकणाऱ्याच्या बिलावरून धरू नका. मिशिगनमध्ये विक्रीनंतरच्या वर्षी तो एकदम चढतो.)

शाळेच्या रेटिंगमागे धावताना एवढं माहीत असू द्या की त्या हद्दी आपोआप पडलेल्या नाहीत. 1974 साली मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की डेट्रॉईटच्या शाळांमधला वंशभेद मोडायच्या योजनेत उपनगरांना ओढता येणार नाही. आपली मुलं ज्या चांगल्या शाळांत जातात, त्यांच्याभोवतीची रेघ त्या निकालाने पक्की केली.

या इतिहासावर इथल्या वाचनालयांत आणि चर्चमध्ये संध्याकाळी चर्चा होतात. आपली माणसं क्वचित दिसतात. अशाच एका चर्चेत मोटार कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी वडिलांची हप्त्यांची वही दाखवली. बँक कर्ज देईना, म्हणून वडिलांनी घरमालकाशी करार करून घर घेतलं होतं. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर नावावर होत नसे आणि एक हप्ता चुकला तर भरलेलं सगळं बुडायचं. ते ऐकून आपल्यातले एक जण उभे राहिले आणि म्हणाले, ‘आम्हीही दोन बॅगा घेऊन आलो, कष्ट केले, वर आलो.’

कृपा करून हे बोलू नका. आपल्या कष्टांबद्दल शंका नाही, पण 1965च्या इमिग्रेशन कायद्याने शिकलेल्यांना निवडून इथे घेतलं, आणि तीन वर्षांतच घराचा कायदाही झाला, तो काळ्यांच्या लढ्यामुळे. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात त्यावर सही झाली. गावकुसाबाहेरची वस्ती काय असते, हे मराठी माणसाला माहीत आहे. मुंबईच्या सोसायट्यांत मासे खाणाऱ्याला, मुसलमानाला घर नाकारतात, हेही माहीत आहे. त्यामुळे ‘त्यांनी का नाही केलं’ हा प्रश्न आपल्या तोंडी शोभत नाही.

पहिल्या एक-दोन चर्चांत नुसतं ऐका. मग विचारायचं असेल तर वस्तीबद्दल विचारा: हे घर कोणी बांधलं, आधी कोण राहायचं, हायवे आला तेव्हा काय पाडलं. म्हातारी माणसं भरभरून सांगतात. मुलं मोठी असतील तर त्यांनाही न्या. कार्यक्रमांचं पत्रक वाचनालयाच्या काउंटरवर असतं, कार्ड काढायला जाल तेव्हाच उचलून आणा.