कुत्र्याची खाज आणि आहाराची ॲलर्जी: या चुका टाळा

कुत्रा पंजे चाटू लागला, कान खाजवू लागला की बहुतेक घरांत पहिल्यांदा खाण्याची पिशवी बदलली जाते. ही घाई नडते, कारण आपल्याकडच्या दमट हवेत खाजेचे मूळ अनेकदा पिसवा, गोचिडी किंवा खरजेचे किडे यांत असते. शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर खाज जास्त असेल, तर तेथले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टेकवून पाहावेत. कणाभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा आहे. आहाराच्या ॲलर्जीत पंजे, कान, काखा, जांघा आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा अधिक त्रास देते आणि खाज सहसा ऋतू पाहत नाही. मात्र वातावरणातील ॲलर्जीही जवळजवळ अशीच दिसते, त्यामुळे नुसत्या नजरेने निदान करू नये.

"तो तर लहानपणापासून हेच खातो" हा युक्तिवादही फसवा आहे. ॲलर्जी बहुधा रोजच्या, सरावाच्या पदार्थाचीच होते. शाकाहारी घरातील मंडळींना संशय येत नाही. पण गोमांस आणि चिकनप्रमाणेच दूध-दही आणि गहू हेही या ॲलर्जीचे नेहमीचे कारण आहेत. धान्यविरहित महागडे खाद्य आणून हा प्रश्न सुटतोच असे नाही, कारण त्यात चिकन असू शकते. पिशवीच्या दर्शनी भागावर मेंढीचे मांस असे छापलेले असले, तरी मागची घटकांची यादी वाचावी.

खात्रीचा मार्ग एकच: ज्याची चवही कुत्र्याने पूर्वी घेतलेली नाही असे प्रथिन, किंवा पशुवैद्याने सुचवलेले हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेले) खाद्य, किमान 8 आठवडे आणि फक्त तेच. देशावरच्या कुत्र्याला मासळी नवी असू शकेल. कोकणातल्या बांगड्यावर वाढलेल्या कुत्र्याला ती चालणार नाही. रक्त, लाळ किंवा केसांच्या चाचण्यांवर या निदानासाठी विसंबू नये.

आमच्या घरी हा प्रयोग पाचव्या आठवड्यात कोलमडला. कुत्रा पुन्हा पंजे कुरतडू लागला, तेव्हा चौकशीत कळले की आजी रोज संध्याकाळी तुपाचा हात लावलेला पोळीचा काठ त्याला देत होत्या, आणि तो "एवढासाच" होता. जंतांवरची चवदार गोळी, लहान मुलाच्या हातून पडलेले ग्लुकोज बिस्कीट, शेजाऱ्यांची बशी, यांतले काहीही प्रयोग बिघडवायला पुरते. गोळ्यांसाठी बिनचवीचा पर्याय पशुवैद्याकडे मागावा.

दरम्यान यीस्ट किंवा जिवाणूंचा संसर्ग असेल, तर त्यावर वेगळे उपचार करावे लागतात. नाहीतर आहार योग्य असूनही खाज थांबत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम पडतो, पण आहाराचा परिणाम झाकला जातो, म्हणून ते कधी द्यायचे आणि कधी थांबवायचे हे पशुवैद्याने ठरवावे. माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके तर मुळीच देऊ नयेत.

खाज ओसरली की बरेचजण तेथेच थांबतात. निदान पक्के करण्यासाठी जुने खाणे पुन्हा द्यावे लागते. ॲलर्जी असल्यास खाज बहुधा 2 आठवड्यांच्या आत परतते. त्यानंतर एकेक घटक वेगळा तपासावा. दुसऱ्या प्रयत्नात आमच्या कुत्र्याला तूप-दूध पचले. गव्हाच्या पोळीने मात्र चौथ्या दिवशी त्याचे कान लाल झाले.