बाराव्या सामन्यानंतर कळतं: तगड्या संघांशी सामने ठरवताना या चुका टाळा

१० सप्टेंबर २०२२, शनिवार. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये ॲपलाचियन स्टेट या मधल्या फळीतल्या संघाने बलाढ्य टेक्सास ए अँड एमला त्यांच्या घरच्या मैदानावर १७-१४ असं हरवलं. त्याच दिवशी मार्शलने नोत्र दामला २६-२१ आणि जॉर्जिया सदर्नने नेब्रास्काला ४५-४२ असा दणका दिला. नेब्रास्काच्या प्रशिक्षकाची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. गंमत अशी की या तिन्ही पाहुण्यांना मार खायला येण्याचे पैसे मिळाले होते, प्रत्येकी दहा लाख डॉलरांच्या वर. पैसेही घेतले आणि यजमानांना लोळवूनही आले.

तरी डिसेंबरमध्ये ॲपलाचियन स्टेट घरीच बसलं. सहा जिंकले, सहा हरले, पण हंगामानंतरच्या मानाच्या बाऊल सामन्याचं आमंत्रण नाही. ही चूक खेळाडूंची नव्हती. ती वेळापत्रक ठरवणाऱ्या टेबलावर झाली होती, आणि अशा चुका मधल्या फळीतल्या कॉलेजांकडून दरवर्षी होतात.

नवख्या वाचकांसाठी थोडक्यात. हे हेल्मेट घालून खेळायचं अमेरिकन फुटबॉल. वरच्या विभागातल्या, म्हणजे एफबीएसमधल्या संघाला नियमित हंगामात बारा सामने मिळतात. मिड-अमेरिकन, सन बेल्ट, अमेरिकन अशा मधल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या ठरावीक गटांत, साधारण आठ सामने आपापसांत होतात, त्यात फारशी निवड नसते. उरलेले चार कोणाशी, कुठे, कधी आणि किती पैशांत खेळायचे हे कॉलेजचा ॲथलेटिक डायरेक्टर ठरवतो. जत्रेतल्या आखाड्यात पंच जोड लावतात, तसंच हे काम. फरक इतकाच की इथे आपल्या पठ्ठ्याची जोड आपणच लावायची असते, आणि तीही कित्येकदा पाच-सात वर्षं आधी.

दोन दुबळे संघ घेऊन विजय मोजणं

बाऊलसाठी सहा विजय लागतात. खालच्या विभागातल्या, म्हणजे एफसीएसमधल्या संघावर मिळवलेला विजयही त्यात धरतात, पण वर्षातून एकच. ॲपलाचियन स्टेटने २०२२ मध्ये द सिटाडेल आणि रॉबर्ट मॉरिस असे दोन एफसीएस संघ घेतले आणि दोघांनाही हरवलं. हिशेबात एकच विजय धरला गेला. सहाचे पाच झाले. त्याच वर्षी राइस विद्यापीठ पाच विजय, सात पराभव असूनही बाऊल खेळलं, कारण जागा उरल्या की अभ्यासातली कामगिरी पाहून पाच विजयवाल्यांना बोलावतात. टेक्सास ए अँड एमला हरवणाऱ्यांनी तो सामना घरात बसून टीव्हीवर पाहिला असेल तर त्यांचा जळफळाट समजू शकतो.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. दुसरा एफसीएस संघ घ्यायचाच असेल तर सातवा विजय कुठून येणार हे आधी कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर तो सामना घेऊ नका. ठरलेला प्रतिस्पर्धी ऐनवेळी गळाला आणि दुसरा मिळेना, अशी वेळ येऊ शकते. तेव्हा एखाद्या समपातळीच्या एफबीएस संघाच्या मैदानावर जाऊन खेळणं परवडतं.

चेकच्या मागे धावणं

या विषयात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून पाहू.

मोठ्या कॉलेजला आपल्या घरी, भरलेल्या स्टेडियममध्ये, सोपा विजय हवा असतो. त्यासाठी ते पाहुण्या संघाला ठोक रक्कम देतात. याला गॅरंटी गेम म्हणतात. परतीचा सामना नसतो. ॲपलाचियन स्टेट स्वतः एफसीएसमध्ये असताना, २००७ मध्ये, मिशिगनला ३४-३२ हरवून आलं तेव्हा त्यांना ४ लाख डॉलर मिळाले होते. आज हा आकडा १५ लाखांच्या आसपास जातो. ज्या कॉलेजला तिकीटविक्रीतून फारसं काही मिळत नाही, टीव्हीचा वाटाही तुटपुंजा, त्याच्यासाठी ही रक्कम म्हणजे टेनिसपासून पोहण्यापर्यंत इतर खेळांचं वर्षाचं रेशन. त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे.

ओहायोतलं केंट स्टेट पाहा. २०२२ मध्ये त्यांनी कॉन्फरन्सबाहेरचे तीन सामने वॉशिंग्टन, ओक्लाहोमा आणि जॉर्जिया यांच्याकडे जाऊन खेळले. जॉर्जिया तेव्हा गतविजेते होते. संघ बरा होता, जॉर्जियाविरुद्ध २२ गुण काढले, पण तिन्ही हरले आणि वर्ष ५-७ वर संपलं. सहावा विजय कुठून आला असता? तीनपैकी एक सामना समपातळीच्या संघाशी घेतला असता तर बहुधा तिथूनच. पुढे प्रशिक्षक सोडून गेले. २०२३ ला सेंट्रल फ्लोरिडा, आर्कान्सा आणि फ्रेस्नो स्टेट, तिन्ही पाहुणे म्हणून, वर्ष १-११. २०२४ ला पिट्सबर्ग, टेनेसी आणि पेन स्टेट. टेनेसीत ७१-०, पुढच्याच आठवड्यात पेन स्टेटमध्ये ५६-०. त्याआधी सेंट फ्रान्सिस या एफसीएस संघाकडूनही घरच्या मैदानावर हरले. वर्ष ०-१२.

सगळं खापर वेळापत्रकावर फोडणं बरोबर नाही. प्रशिक्षक बदलले, खेळाडू दुसरीकडे गेले. पण आधीच खिळखिळ्या संघाला सप्टेंबरमध्ये सलग असा मार बसला की ऑक्टोबरमध्ये आपल्याच कॉन्फरन्समधल्या सामन्यांना धडधाकट खेळाडू उरत नाहीत. राखीव फळीतली मुलं मोठ्या संघाच्या तिसऱ्या फळीपेक्षाही हलकी असतात, वजनाने आणि अनुभवानेही. गुडघा एकदा गेला की तो पुढच्या आठवड्यात परत येत नाही.

ढोबळ नियम: चारपैकी चेकसाठी एक. खजिनदार फारच रडला तर दोन, पण दोन्ही सलग आठवड्यांत कधीच नको.

मोठ्या सामन्यानंतरचा आठवडा विसरणं

आमच्यासारखे हौशी वेळापत्रक हातात आलं की सर्वात मोठं नाव शोधतात. जाणकार त्याच्या खालची ओळ वाचतात.

मार्शलने नोत्र दामला हरवलं आणि पुढच्याच शनिवारी बोलिंग ग्रीनकडून जादा वेळेत हरले. ह्यूस्टनने २०१६ च्या पहिल्या सामन्यात ओक्लाहोमाला ३३-२३ नमवलं, नोव्हेंबरमध्ये लुईव्हिललाही ३६-१० धुतलं, आणि मधल्या काळात नेव्ही व एसएमयूकडून हरून स्वतःच्या कॉन्फरन्सच्या विजेतेपदाची वाट बंद करून बसले. नॉर्दर्न इलिनॉयने सप्टेंबर २०२४ मध्ये नोत्र दामला १६-१४ हरवलं, प्रशिक्षक मैदानावर रडले, देशभर तो व्हिडिओ फिरला. मधे एक मोकळा आठवडा होता. तरी पुढच्या सामन्यात बफेलोकडून घरीच हरले. आणि नोत्र दाम? ते त्या वर्षी थेट अंतिम सामन्यापर्यंत गेले.

सर्वात बोचणारं उदाहरण फ्रेस्नो स्टेटचं. पॅट हिल प्रशिक्षक असताना त्यांचं ब्रीदच होतं: कोणीही, कधीही, कुठेही. २००१ मध्ये त्यांनी कोलोरॅडो, ओरेगन स्टेट, विस्कॉन्सिन या तिघांना ओळीने हरवलं आणि पहिल्या दहांत गेले. मग घरी बॉइसी स्टेटकडून ३५-३० हरले. २००५ मध्ये ८-१ अशा स्थितीत लॉस एंजेलिसला जाऊन अव्वल क्रमांकाच्या यूएससीशी ५०-४२ अशी झुंज दिली. यूएससीचा रेजी बुश त्या रात्री ५१३ यार्ड धावला, झेलला आणि किक परतवत राहिला. तो सामना नोव्हेंबरच्या मध्यावर, कॉन्फरन्सची शर्यत ऐन रंगात असताना ठेवलेला होता. फ्रेस्नो त्यानंतर नेवाडाकडून हरले, लुइझियाना टेककडून हरले, बाऊलमध्ये तल्साकडूनही हरले. हरलेला तो एक सामना त्यांना चार पराभवांना पडला.

म्हणून तगडा सामना सप्टेंबरमध्येच घ्या. त्यानंतर मोकळा आठवडा किंवा एफसीएस संघ ठेवा, तोही घरी. आणि नंतरचा सामना कॉन्फरन्समधला असेल तर निदान लांबचा प्रवास नको. मिड-अमेरिकनवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: नोव्हेंबरमध्ये टीव्हीसाठी त्यांचे सामने मंगळवार-बुधवारी होतात, ज्याला चाहते ‘मॅक्शन’ म्हणतात. त्या महिन्यात विश्रांतीचे दिवस आधीच वाकडेतिकडे असतात. बाहेरचा सामना तिथे घुसवू नका.

लपून बसणं, किंवा फक्त सर्वात मोठ्या नावाशी भिडणं

सोपं वेळापत्रक घेतलं तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्याकडे पुरावा आहे. २०२३ मध्ये लिबर्टीने कॉन्फरन्सबाहेर बोलिंग ग्रीन, बफेलो, ओल्ड डोमिनियन आणि मॅसॅच्युसेट्स घेतले, सगळे जिंकले, १३-० झाले. संघांना क्रमांक देणाऱ्या प्लेऑफच्या निवड समितीने त्यांना २३ वं स्थान दिलं. एसएमयू ओक्लाहोमा आणि टीसीयूकडून हरलं होतं, त्यांना २४ वं. मधल्या फळीतल्या अव्वल विजेत्याला मिळणारी मानाच्या फिएस्टा बाऊलची जागा लिबर्टीला मिळाली, आणि तिथे ओरेगनने त्यांना ४५-६ चोपलं. म्हणजे लपून बसणं फायद्याचं ठरलं खरं, पण एका क्रमांकाने. एवढ्या बारीक फरकावर मी माझ्या कॉलेजचं वर्ष लावणार नाही. सेंट्रल फ्लोरिडाचं २०१७ वेगळं होतं: त्यांचा जॉर्जिया टेकशी ठरलेला सामना इर्मा वादळात वाहून गेला, संघ अपराजित राहिला, आणि समितीने १२ व्या क्रमांकाच्या वर सरकवलं नाही.

२०२४ आणि २०२५ मध्ये प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, बारा संघ होते आणि सर्वोच्च मानांकनाच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा राखीव होती. त्यामुळे मधल्या फळीतल्या विजेत्याची खरी तुलना अलाबामाशी होत नाही, दुसऱ्या मधल्या विजेत्यांशी होते. त्यात दोन गोष्टी कामी येतात. एक, बलाढ्य संघाकडून हरलं तरी फारसं बिघडत नाही. बॉइसी स्टेट सप्टेंबर २०२४ मध्ये ओरेगनकडून ३७-३४ हरलं आणि तरी तिसरं मानांकन घेऊन प्लेऑफमध्ये गेलं. तुलेन २०२५ मध्ये ओल मिसकडून ४५-१० हरूनही आत गेलं. दोन, मोठ्या कॉन्फरन्समधल्या कोणाला तरी हरवलेलं लागतं, आणि तुलेनने नॉर्थवेस्टर्न व ड्यूक या दोघांना हरवलं होतं. ड्यूक तर पुढे स्वतःच्या कॉन्फरन्सचं विजेतं झालं.

म्हणून माझं मत असं: मोठ्यांमधला मधला संघ गाठा. ओहायो स्टेट, जॉर्जिया यांच्याशी एक सामना चेकसाठी ठीक. पण दुसरा सामना ड्यूक, नॉर्थवेस्टर्न अशा, मोठ्या नावाच्या पण हरवता येण्याजोग्या संघाशी, आणि जमल्यास त्यांना एकदा आपल्या घरी आणून. दोनदा त्यांच्याकडे, एकदा आपल्याकडे असा करार काही मोठे संघ मान्य करतात.

एक अडचण उरतेच. करार करताना तगडा वाटलेला संघ सामन्याच्या वर्षी ढेपाळलेला असू शकतो. इंडियाना तर उलट दिशेने गेलं, २०२१ मध्ये सिनसिनाटीने हरवलेला संघ २०२५ मध्ये सगळ्यांना झोडत होता. सिनसिनाटीचं नशीब दुसऱ्या सामन्यात जोरावर होतं: नोत्र दाम त्यांच्याकडून २४-१३ हरलं आणि नियमित हंगामात दुसऱ्या कोणाकडूनच हरलं नाही. मधल्या फळीतला पहिला संघ प्लेऑफमध्ये गेला तो त्या एका विजयाच्या जोरावर. बॉइसीने २०१० मध्ये व्हर्जिनिया टेकला ३३-३० हरवलं, तर पाच दिवसांत व्हर्जिनिया टेक जेम्स मॅडिसन या एफसीएस संघाकडून हरलं. बॉइसीच्या विजयाची किंमत रातोरात उतरली. एकाच नावावर सगळा डाव लावू नये तो यासाठी.

घोळ आधीच झाला असेल तर

आधी करारातलं रद्द करण्याचं कलम वाचा. सामना मोडण्याची रक्कम दोन्ही बाजूंना सारखी आहे का हे पाहा. अनेकदा छोट्या कॉलेजला ती परवडत नाही आणि मोठ्याला ती चिल्लर वाटते. मोडण्यापेक्षा तारीख हलवणं स्वस्त पडतं. दोन्ही बाजूंना मोकळी तारीख सापडली की नोव्हेंबरचा सामना सप्टेंबरमध्ये नेता येतो. घरचे सामने कमी पडत असतील तर हवाईची सवलत आठवा: होनोलुलूला जाऊन खेळणाऱ्या संघाला तेरावा सामना घेता येतो, आणि तो घरी ठेवता येतो. प्रवास लांबचा आहे, पण तो हंगामाच्या सुरुवातीला घेतला तर अंगावर येत नाही.

आणि हे सगळं लवकर करा. एसईसी ही मोठी कॉन्फरन्स २०२६ पासून आपापसांत आठऐवजी नऊ सामने खेळणार आहे, एसीसी ही दुसरी मोठी कॉन्फरन्सही त्याच वाटेवर आहे. त्यांच्याकडे बाहेरच्यांसाठी तीनच जागा राहतील, आणि त्यातली एक ते एफसीएस संघाला देण्याचीच शक्यता जास्त.