परतीचा पाऊस उघडला की गुलाबाची छाटणी

खान्देशात गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात करावी. मात्र तारखेपेक्षा आभाळ बघा. परतीचा पाऊस घुटमळत असेल तर आठ दिवस थांबलेलं बरं, कारण ओल्या हवेत ताज्या कापातून बुरशी आत शिरते. थंड मुलखातली पुस्तकं हिवाळा सरताना छाटायला सांगतात. तो सल्ला इथे पाळला तर कोवळी फूट नेमकी एप्रिलच्या उन्हात सापडते आणि होरपळते. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण 45 ते 50 दिवस लागतात. 15 ऑक्टोबरला छाटलेलं झाड डिसेंबरच्या सुरुवातीला, थंडीत फुलतं. तेव्हाची फुलं मोठी येतात, टिकतातही जास्त.

काळ्या जमिनीत छाटणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा, कुंडीला दोन-तीन दिवस पुरे. मुळं उघडी करून ऊन दाखवायची जुनी पद्धत आहे. ऑक्टोबरच्या आपल्या उन्हात ती न केलेलीच बरी, लहान झाडाला तर नकोच.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवी. बोथट पात्याने काडी चिरडते आणि चिरडलेला भाग वरून खाली काळा पडत जातो. एक झाड झालं की पातं स्पिरिटने पुसा. आधी वाळक्या, रोगट आणि एकमेकींना घासणाऱ्या काड्या काढा. मग डोळा (कोंब फुटतो ती गाठ) बांधलेल्या जोडाखालून आलेले फुटवे बघा. ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या गावठी झाडाचे असतात. वरून कापले तर पुन्हा दुप्पट येतात, म्हणून माती बाजूला सारून बुडाशीच ओढून काढा. बऱ्याच घरी ‘गुलाब गावठी झाला’ म्हणतात तो याच फुटव्यांमुळे. कलम मेलेलं असतं, खुंट वाढलेला असतो.

हायब्रिड टी (एका काडीवर एक मोठं फूल येणाऱ्या) जातीवर चार-पाच जोमदार काड्या ठेवून जमिनीपासून 40 ते 45 सेंमीवर कापा. फ्लोरिबंडा (घोसाने फुलणारा) हलक्या हाताने, वरचा तिसरा हिस्सा. वेलीच्या गुलाबाच्या मुख्य काड्यांना हात लावू नका, आडव्या फांद्यांवर दोन-तीन डोळे राखा.

काप नेहमी बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्यावर, त्याच्या वर 5-6 मिमी सोडून, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. जास्त सोडलं तर तो वरचा तुकडा वाळतो आणि वाळ खाली उतरते. कमी सोडलं तर डोळाच सुकतो. कापल्यावर मधला गाभा बघा. पांढरा असेल तर ठीक, तपकिरी दिसला तर पांढरा लागेपर्यंत खाली जा. आतल्या बाजूचा डोळा ठेवला तर झुडपाच्या मध्यात गर्दी होते, हवा खेळत नाही.

त्याच दिवशी कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवून, गार झाल्यावर दोन्ही एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं; लोखंडी नको. मिश्रणात स्वच्छ खिळा बुडवा. त्याच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, थोडा आणखी घाला. पेस्ट ताजीच वापरा. कापलेल्या रोगट काड्या खताच्या खड्ड्यात टाकू नका, जाळा.

त्यानंतर जमिनीतल्या मोठ्या झाडाला 8-10 किलो चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून पाणी द्या. पुढचं पाणी माती दोन बोटं वाळल्यावरच. पानं नसलेल्या झाडाला पाणी फार लागत नाही, आणि काळी माती ओल धरून ठेवते. इथेच बरीच झाडं मुळं कुजून जातात. आळ्यात केळीची वाळलेली पानं अंथरली तर उत्तम, फक्त बुंध्याला टेकवू नका.

आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात. एका जागी दोन-तीन कोंब आले तर जोमदार एक ठेवा. कोंब वाकडे, पानं आकसलेली दिसली की फुलकिडे आले समजा. लगेच निंबोळी अर्क फवारा, सायंकाळी.

उन्हाळ्यात मोठी छाटणी करू नका. पानांची सावली गेली की उघड्या काड्या उन्हाने भाजतात. जूनमध्ये पहिल्या पावसाआधी फक्त वाळकं काढा.