सँडरचे गोल ओरखडे असे गेले

सागवानी दारावर पॉलिशचा पहिला हात मारला आणि डुकराच्या शेपटीसारखे गोल ओरखडे उठून दिसले. सँडर (लाकूड घासायचं मशीन) महागातला, ५ इंची, रँडम ऑर्बिटल, म्हणजे पॅड गोल फिरता फिरता डुलतंही असा. मोटर ठणठणीत, आवाजही नेहमीचाच. पॅडला लावलेला सँडपेपर बदलून पाहिला, तरी ओरखडे तसेच.

मग चालू सँडर लाकडावरून उचलून धरला. पॅड गरागरा फिरत होतं. चांगल्या मशीनचं पॅड हवेत संथ फिरतं, कारण वर टेकलेली रबरी रिंग त्याला आवर घालते. ती झिजली की पॅड सुसाट वेगाने लाकडावर उतरतं आणि टेकताक्षणी चरा पाडतं. प्लग काढून पॅडचा स्क्रू सोडवला. रिंगची कड एका बाजूने पार चपटी झालेली, खोबणीत सागाची तपकिरी धूळ घट्ट बसलेली. धूळ ब्रशने काढून नवी रिंग बसवली. अशी एक जादा रिंग एवढ्या महागड्या मशीनसोबत मिळायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता पॅड हवेत हळू फिरतं. दार मात्र पुन्हा ८० नंबरच्या खरखरीत पेपरपासून घासलं. खोल चरे १८० च्या बारीक पेपरने निघत नाहीत. आणि हो, व्हॅक्यूम जोडत असाल तर ओढ बेताची ठेवा, नाहीतर पॅड लाकडाला चिकटून अडखळतं.