झेडएसएम-५ ला नुसत्या कॉस्टिकने मेसोपोर येत नसतील तर: माझा अनुभव

माझ्या झेडएसएम-५ (बारीक छिद्रांचा एक झिओलाइट, म्हणजे सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या जाळीचा स्फटिक) चा सिलिकॉन-ॲल्युमिनियम रेशो खूप जास्त, Si/Al १०० च्या वर. कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) ट्रीटमेंटनंतर पावडर बरीच विरघळून जायची, उरलेल्या क्रिस्टलमध्ये मोठी मोठी भगदाडं, हवे तसे १० नॅनोमीटरच्या आतले मेसोपोर (मधल्या आकाराची छिद्रं) नाहीतच. वेळ कमी केला, तापमान उतरवलं, कॉस्टिक पातळ केलं, काही उपयोग नाही. खूप वैताग आला.

कारण असं की जाळीतलं ॲल्युमिनियम शेजारच्या सिलिकॉनला हायड्रॉक्साइडपासून वाचवतं, Si/Al २५ ते ५० असेल तर हा तोल नीट बसतो, पण ॲल्युमिनियमच कमी असलं की सिलिका कुठूनही सुटत जाते.

चाललं ते हे: ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्येच ०.२ मोलर टेट्राप्रोपिल अमोनियम ब्रोमाइड विरघळवा, ६५ अंशाला आणा, मगच पावडर टाका (१ ग्रॅमला ३० मिली), ३० मिनिटं ढवळा, लगेच बर्फात बुडवा, गाळून न्यूट्रल होईपर्यंत डीआय (आयन काढलेल्या) पाण्याने धुवा, वाळवा. टेट्राप्रोपिल अमोनियमचा हा मोठा कॅटायन (धन आयन) पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि कॉस्टिकचा हल्ला आवरतो. म्हणूनच पुढे ५५० अंशाला हवेत ५ तास भाजून तो जाळायलाच हवा, नाहीतर पोर बुजलेलेच दिसतील. मग ०.१ मोलर अमोनियम नायट्रेटने तीनदा एक्स्चेंज (सोडियमच्या जागी अमोनियम आणायला), परत ५५० अंशाला कॅल्सिनेशन (भाजणं).

आता नायट्रोजन आयसोथर्ममध्ये (छिद्रं मोजायच्या नायट्रोजन शोषणाच्या आलेखात) हिस्टेरिसिस, म्हणजे मेसोपोरची खूण, स्वच्छ दिसतो आणि एक्सआरडीचे (एक्स-रे विवर्तनाचे) पीक जागच्या जागी आहेत, म्हणजे स्फटिकाची रचना टिकली आहे.