कोकणातून इंटरनेट रेडिओ काढताय? आधी गाण्यांच्या हक्काचं बघा

एक लॅपटॉप, बरा माइक आणि सर्व्हरचं महिन्याचं भाडं, एवढ्यावर कुडाळात बसून मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत रेडिओ पोचतो हे खरंय, पण गाणी लावायची म्हटलं की सगळं गणितच बदलतं.

एफएमवाल्यांना जे चालतं ते आपल्याला चालत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 31डी आलं, त्यात रेडिओ-टीव्हीवाले आधी नोटीस देऊन, ठरलेली रॉयल्टी भरून गाणं लावू शकतात, गाण्याची कंपनी अडवू शकत नाही. इंटरनेटला पण हे लागू आहे असं म्हणणारे होते, पण टिप्स (गाण्यांची कंपनी) विरुद्ध विंक (एअरटेलचं तेव्हाचं गाण्यांचं अ‍ॅप) केसमध्ये मुंबई हायकोर्टाने 2019 ला नाही म्हणून सांगितलं आणि 2022 ला खंडपीठानेही तेच कायम ठेवलं. म्हणजे आपल्याला रेकॉर्डिंगसाठी कंपनीशी स्वतः बोलणी करायची, आणि शब्द-चालीसाठी वेगळं लायसन्स, ते बहुतेक आयपीआरएसकडून, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेकडून.

बोलणी करताना पैसे कशावर मोजणार ते नीट विचारा. अमेरिकेत 2007 ला दर गाणं, दर श्रोता असा हिशोब ठरला, 2010 साठी दर होता 0.19 सेंट. दिसायला काहीच नाही ना? पण 50 जण ऐकतायत आणि तासाला 15 गाणी वाजली की तासाला 750 वेळा तो दर लागला, दहा तासांत 7500 वेळा, म्हणजे दिवसाला सव्वाचौदा डॉलर! टॉवरवरच्या एफएमला ऐकणारे वाढले तर फायदाच, इथे ऐकणारे वाढले की बिल वाढतं. तिथल्या छोट्या स्टेशनांनी 26 जून 2007 ला निषेध म्हणून दिवसभर गाणी बंद ठेवली होती ती उगाच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, फिल्मी गाण्यांच्या मागे लागू नका, आपल्याकडचं दशावतार, नमन, डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) स्वतः रेकॉर्ड करा. पण त्यातही बघून घ्या, कारण बुवांचा गजर कितीदा फिल्मी चालीवर असतो, मग शब्द बुवांचे असले तरी चाल दुसऱ्याची. तुकोबांच्या अभंगाचंही तेच, शब्द सगळ्यांचे, पण संगीतकाराने गेल्या पन्नास वर्षांत बांधलेली चाल आणि कॅसेट कंपनीचं रेकॉर्डिंग मोकळं नाही. रेकॉर्डिंग प्रकाशित झाल्यापासून 60 वर्षं, आणि चाल संगीतकार गेल्यानंतर 60 वर्षं.

परवानगी तोंडी नको, "हो रे, लाव" यावर रेडिओ चालत नाही. कागदावर सही घ्या, बुवांची, पखवाजवाल्याची, झांजवाल्याची, दशावतार असेल तर नाटक कंपनीच्या मालकाची आणि नटांचीपण. त्यात मुदत लिहा, नाहीतर कायदा 5 वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहा, नाहीतर फक्त भारत धरला जातो, मग दुबईतला आपला माणूस ऐकतोय त्याचं काय? "इंटरनेटवर, जगभर" असं स्वच्छ लिहा. आणि मानधन किती, कधी, तेही त्याच कागदावर, कारण रात्रभर गळा फाडून गाणाऱ्याला नुसता नारळ देऊन पाठवणं बरोबर नाही.

शेवटचं काम रोजचं आहे. गाणं, गायक, गीतकार, संगीतकार, वेळ आणि त्या वेळी ऐकणारे किती, याची नोंद पहिल्या दिवसापासून शीटमध्ये ठेवा, आकडे सर्व्हरच्या लॉगमध्ये मिळतात. ज्या गाण्याचं लायसन्स भारतापुरतंच आहे ते वाजताना बाहेरच्या देशांना स्ट्रीम बंद करता येतो का, हे होस्टिंगवाल्याला पैसे भरायच्या आधीच विचारा.